सदरहू कोंबडी खाल्लेली नाही

वाशीम जिल्ह्यातील एका तहसील कचेरीच्या फाटकासमोर, झेरॉक्सचे दुकान आणि चहाची टपरी यांच्या मधोमध, टिनाच्या छपराखाली माझे कार्यालय आहे. कार्यालय या शब्दाला काही लोक हसतात. हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे केव्हातरी माझ्याच बाकड्यावर येऊन बसतात आणि "मुन्शीजी, जरा जोरदार लिहा" असे म्हणतात. म्हणून मी त्या हसण्याची दखल घेत नाही. तालुक्याचे नाव मुद्दाम देत नाही. मला तेथे अजून बरीच वर्षे बसायचे आहे.

या अंकाच्या संपादकांनी मजकडे "सेवाकाळातील एखादी संस्मरणीय घटना" मागितली आहे. सेवा हा शब्द त्यांचा. मी कोणाच्याही सेवेत नाही. शासनाचे माझ्यावाचून चालत नाही, एवढेच. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले असून गणित व इंग्रजी या दोन विषयांनी ऐनवेळी सहकार्य नाकारले नसते तर ते पुढेही झाले असते. तथापि पदवीधरांचे अर्ज मी लिहितो, आणि माझा अर्ज आजवर कोणत्याही पदवीधराने लिहिलेला नाही, ही वस्तुस्थिती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

बाहेरच्या माणसाला वाटते की अर्ज म्हणजे मागणे. तसे नव्हे. मागणे तोंडीही करता येते, आणि तोंडी मागणाऱ्याला शिपाई कोणत्या दिशेने हात दाखवतो हे सर्वांना ठाऊक आहे. अर्ज म्हणजे साहेबाच्या टेबलावर ठेवलेली अशी वस्तू, की जी बाजूला सारताना त्याच्या पोटात थोडे कालवले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक खात्याची एक कळ असते. पोलिसांना 'शांतता भंग होण्याची दाट शक्यता' लिहिले की ते खुर्चीतून हलतात. पाणीपुरवठ्याला 'दूषित' हा शब्द लागतो. वीजवाल्यांना 'जीवितहानी' लागते, त्याखाली काही चालत नाही. ही कळ न दाबता लिहिलेला अर्ज म्हणजे ख्यालीखुशालीचे पत्र. ही विद्या मी येथे फुकट छापून द्यायला नको होती, पण दिवाळी आहे.

गिऱ्हाइके अर्थातच एकापेक्षा एक थोर. जेवताना जावई हसतो, त्यास योग्य ती समज देण्यात यावी, असा अर्ज तहसीलदारांकडे करणारे एक सासरे मला भेटले आहेत. कामरगावकडचे एक गृहस्थ भावाच्या बाभळीची सावली आपल्या शेताच्या धुऱ्यावर पडते म्हणून नुकसानभरपाई मागत होते; ढगाळ दिवस त्यातून वगळावेत अशी प्रामाणिक सूचनाही त्यांनीच केली. मधल्या काळात सगळे अर्ज संगणकावर गेले, तेव्हा अनेकांनी मला मयताला भेटायला आल्यासारखे भेटून घेतले. आता संगणक केंद्रात रांग लागते आणि 'तपशील लिहा' या रकान्यापाशी आली की ती माझ्याकडे वळते. असो.

सांगायची गोष्ट कोंबडीची आहे.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. सकाळी मी टेबल पुसून कार्बन लावीत होतो, तोच मानोऱ्याच्या रस्त्याकडील एका तांड्यावरची सक्रीबाई नावाची बाई बाकड्यावर येऊन बसली. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाजाने मजबूत. मांडीवर फडक्याने झाकलेली टोपली. टोपलीतून आवाज येत होता, जुन्या सायकलीच्या हवेच्या पंपासारखा. खर्र, आणि मग एक बारीकशी शिट्टी.

"कागद करा लागते," ती म्हणाली.

"कशासंबंधी?"

तिने फडके सारले. आत एक तांबूस कोंबडी. मान वर ताणलेली, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. प्रत्येक श्वासाला तिचे सगळे अंग वरखाली होत होते. एका पायाला हिरव्या कापडाची चिंधी बांधलेली.

"हे मरून राह्यली, मुन्शीजी. मराच्या आंधी लिहून पाह्यजे का हे बिमारीनं मेली. सक्रीनं खाल्ली नाही."

टपरीचे मालक सत्तारभाई किटली घेऊन आले होते, ते तसेच थांबले. सत्तारभाईंना माझ्या टेबलावरचे प्रत्येक प्रकरण आपल्याच कानांसाठी दाखल होते असे वाटते.

"बाई," मी म्हणालो, "आजारी जनावर दवाखान्यात नेतात. कचेरीसमोर आणत नाहीत."

"दवाखान्यात जाईन ना. पन पयले कागद. दवाखान्यात मेली तं? मेल्यावर कागद केला तं कोन मानन? जित्तेपनीचाच पाह्यजे."

इतका स्वच्छ कायदेशीर विचार मी काही वकिलांच्या तोंडूनही ऐकलेला नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

प्रकरण असे होते. दिवाळी झाली की त्या तांड्यातली बहुतेक घरे ऊसतोडीला जातात. बैल, भांडी, लेकरे ट्रकमध्ये बसतात. कोंबड्या बसत नाहीत. त्या मागे राहणाऱ्या कोणा एकीच्या हवाली होतात. कोणाची कोणती हे समजावे म्हणून प्रत्येक घर आपल्या कोंबड्यांच्या पायाला आपापल्या रंगाची चिंधी बांधते. होळीनंतर माणसे परत आली की चिंधी पाहून कोंबड्या परत घेतात. अंडी सांभाळणारीची, कोंबडी मालकाची. याचा कोठे करार नाही, स्टॅम्प नाही, साक्षीदार नाहीत; अर्थात माझ्या दृष्टीने सगळाच व्यवहार बेकायदा. तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आला, कारण माझ्यासारख्याचा सल्ला कोणी घेतला नव्हता.

"मंग बोभाटा काहून झाला?" सत्तारभाईंनी विचारले. वास्तविक हा प्रश्न माझा होता.

"मांगच्या साली एक मुंगसानं नेली," सक्रीबाई म्हणाली. "पिसं दाखवले, रगत दाखवलं. पन लोक म्हनले, पिसं तं शिजवतानीबी निंघते. तवापासून लग्नात, पानी भरतानी, कुठंबी गेली का कोनीतरी म्हन्तेच, सक्रीकाकीले इचारा, कोंबडी कशी लागते. बाप्पा, तवापासून माह्या घरात कोंबडी शिजली नाही! सोताची बी नाही. वास आला तं लोक इचारतीन, कोनाची व?"

"अन् या साली पुन्हा तुमालेच कोंबड्या देल्ल्या?" हेही सत्तारभाईंनीच विचारले.

"दुसरं कोन हाये मांगं? देल्ल्या, अन् देतानी हासले."

हिरवी चिंधी ऊसतोडीला गेलेल्या धुरपता नावाच्या बाईची होती. आणि गेल्या वर्षी मुंगसाने नेलेली कोंबडीही धुरपताचीच होती. सक्रीबाईने हे सांगितले आणि टोपलीवर फडके ओढले. फडक्याखालून आवाज चालूच होता. खर्र, आणि शिट्टी.

मी निवेदन लिहायला घेतले. असे निवेदन या जिल्ह्यात पूर्वी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. "मी खाली अंगठा करणार सक्रीबाई सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, धुरपता हिच्या मालकीची, रंगाने तांबूस, उजव्या पायास हिरवी चिंधी असलेली कोंबडी ही आज रोजी हयात असून तिला श्वास घेण्यास त्रास होत आहे. सदरहू कोंबडी मी खाल्लेली नाही, खाण्याचा माझा उद्देश नव्हता व नाही." साक्षीदार म्हणून सत्तारभाईंनी सही केली आणि कोंबडीचाही अंगठा घ्यावा असे सुचवले. मी दुर्लक्ष केले.

काम येथे संपले असते. परंतु उत्तम कारागीर मागितले तेवढेच करून थांबत नाही. निवेदन हा घरगुती कागद. त्याला सरकारी पाठबळ हवे. म्हणून मी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नावाने एक स्वतंत्र अर्जही लिहिला. दवाखाना रस्त्यापलीकडेच आहे. तेथली कळ कोणती, हे मला ठाऊक होते. एका कोंबडीला धाप लागली म्हणून कोणता अधिकारी उठेल? मी लिहिले, "तांड्यात तीव्र श्वसनविकाराची साथसदृश परिस्थिती उद्भवून समस्त पक्षीधन धोक्यात आले आहे." वाक्य झाल्यावर मी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा केवळ आनंदासाठी.

डॉक्टर दौऱ्यावर होत्या. तेथल्या परिचराने अर्ज घेतला आणि उद्या या, म्हणून सांगितले. सक्रीबाई टोपली घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती येऊन बाकड्यावर टेकते न टेकते तोच डॉक्टर मॅडम स्वतः रस्ता ओलांडून आल्या. तालुक्यात नवीन, वयाने तरुण, परजिल्ह्यातल्या. हातात माझा अर्ज. मला वाटले, भाषेबद्दल दोन शब्द बोलायला आल्या असाव्यात. तसेच होते.

"हे कोणी लिहिलंय?"

"लेखकाचे नाव देण्याची आवश्यकता नसते, मॅडम. अर्जदाराचा अंगठा आहे."

"समस्त पक्षीधन धोक्यात, हे अंगठ्यानं लिहिलं?"

"मॅडम, असा अंगठा जिल्ह्यात एकच हाये," सत्तारभाई म्हणाले आणि किटली हलवीत राहिले.

मॅडम बाकड्यावर बसल्या. "साथ म्हटलं की मला वर कळवावं लागतं. नमुने तपासणीला जातील. अहवाल येईपर्यंत तांड्यातलं एक पीसही बाहेर जाणार नाही. आणि अहवाल वाईट आला तर आसपासचे सगळे पक्षी नष्ट करावे लागतात. एक नाही, सगळे."

"नष्ट म्हंजे काय जी?" सक्रीबाईने माझ्याकडे पाहून विचारले. सरकारचे शब्द माणसांना समजावून सांगणे हा माझा निम्मा धंदा आहे. त्या क्षणी मला कार्बनचा कागद नीट करणे अधिक निकडीचे वाटले.

"मारतीन," सत्तारभाईंनी हळू आवाजात सांगितले.

तिने टोपली मांडीवर घट्ट धरली. मग म्हणाली, "मी एका कोंबडीचा कागद कराले आली होती, मुन्शीजी. तुमी तं अख्खा तांडा कापून राह्यले. लाल चिंधीवाल्या, पिवळ्या चिंधीवाल्या, समद्या. आता मी लोकायले काय सांगू, सरकारनं खाल्ल्या?"

माझ्या हयातीत मी कलेक्टर कचेरीपर्यंत अनेक वाक्ये धाडली. त्यांतले एकही इतक्या अचूक जागी लागल्याचे मला आठवत नाही. दुर्दैवाने ते माझे नव्हते.

मॅडमनी टोपलीवरचे फडके काढले, कोंबडीची मान, डोळे, चोच पाहिली. "मान वाकडी पडत नाही. तोंड सुजलेलं नाही. दुसऱ्या किती मेल्या?"

"एकबी नाही जी."

"हगवण? लुळ्या पडल्या कोणी?"

"नाही जी. बाकी समद्या टनटन उड्या मारते."

मॅडमनी अर्जाची घडी केली. "मग आधी तांडा बघू. मुन्शीजी, तुम्ही पण चला. परिस्थिती उद्भवलेली तुम्हीच पाहिलीये."

अशा प्रकारे मी, ज्याच्याकडे लोक येतात, तो प्रथमच अर्जदाराकडे गेलो. तेही स्कूटीच्या मागच्या सीटवर, हातात औषधांची पेटी घेऊन, तहसील कचेरीच्या सर्व कर्मचारीवर्गासमोरून. सक्रीबाई काळी-पिवळी जीप धरून पुढे गेली.

तांडा बराचसा बंद होता. दारांना कुलपे, कुलपांपुढे बोरीची काटेरी फांदी. माणसांची चाहूल दोन-चार घरांत. कोंबड्या मात्र सगळीकडे, आणि प्रत्येकीच्या पायाला चिंधी. लाल, पिवळी, साडीच्या काठाची, एकीच्या पायाला तर शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. त्या उकिरडा उकरीत होत्या, भांडत होत्या, मॅडमच्या बुटांना चोच मारीत होत्या. समस्त पक्षीधन धोक्यात असल्याची त्यांना कोणी कल्पना दिलेली दिसत नव्हती.

मॅडमनी एकेकीला उचलून पाहिले. मग टोपलीतल्या आजारी कोंबडीकडे बोट करून विचारले, "ही कुठं असायची?"

सक्रीबाईने घरात नेले. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात एक पाटी, तिच्यात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दाबून भरलेले. ही तांबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसली होती. इतर कोंबड्या दिवसभर बाहेर; ही एकटीच रात्रंदिवस त्या पाटीत. मॅडमनी कुटारात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. खालचे कुटार ओलसर, काळपट, त्यावर पांढुरकी बुरशी. वास मलाही आला.

"थंडी होती जी," सक्रीबाई म्हणाली. "धुरपताची हाये म्हनून जास्त जपली. बाकीच्यायले नाही, हिलेच कुटार भरलं, हिलेच चुलीपाशी ठेवलं. मायेनं ठेवलं."

"मायेनंच गुदमरली," मॅडम म्हणाल्या. "खाली बुरशी, वर चुलीचा धूर. श्वास घ्यायचा कुठून? नाकही चोंदलंय."

उपाय काय, असे विचारले तर दिवाळी अंकात छापण्याजोगे त्यात काहीच नव्हते. ती पाटी बाहेर काढून कुटार जाळायचे, अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. हिला कोरड्या, मोकळ्या हवेच्या जागी, धूर व धूळ यांपासून दूर ठेवायचे. आणि खात्री होईपर्यंत इतर कोंबड्यांपासून वेगळे. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून नाकपुड्या पुसायच्या, पुसणाऱ्याने आपल्या तोंडाला फडके बांधायचे, नंतर हात धुवायचे. औषधाची पूड पिण्याच्या पाण्यातून. आणि चोचीत वरून काही ओतायचे नाही. धाप लागलेल्या पक्ष्याच्या ते श्वासनळीत जाते. दुसरी एखादी कोंबडी मलूल दिसली तर कागद न लिहिता थेट दवाखान्यात यायचे. हे शेवटचे त्या माझ्याकडे पाहून बोलल्या.

"येगळी कुठं ठेवू जी?" सक्रीबाई म्हणाली. "इथं समद्या घरात घुसते."

"मुन्शीजींचं छप्पर चांगलं आहे. तिन्ही बाजूंनी उघडं."

मी नियमांकडे लक्ष वेधणार होतो. पण मॅडमच्या हातात माझा अर्ज होता आणि तो वर पाठवायचा की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नव्हते. मी जागेवरच मांडीवर कागद ठेवून पुरवणी अर्ज लिहिला. "पूर्वीच्या अर्जातील साथीचा उल्लेख हा कळकळीच्या भरात झालेला असून प्रत्यक्षात त्रास केवळ एका कोंबडीस आहे, तोही कुटारामुळे." लिहिलेले वाक्य मागे घेण्याची पाळी माझ्यावर पूर्वी आलेली नव्हती. शाई त्या दिवशी नीट उतरत नव्हती.

येणेप्रमाणे सदरहू कोंबडीचा मुक्काम माझ्या टेबलाखाली, बांबूच्या डालग्यात पडला. संध्याकाळी तिला घरी न्यावे लागे. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी दारातच सांगितले, "ते आत येईन तं मी बाहेर." ओसरीवर तडजोड झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरीवर माझ्या चहाच्या आधी कोंबडीची भिजवलेली कणी पोचू लागली, त्याची मी नोंद घेतली.

कचेरीच्या आवारात माझी जी प्रतिष्ठा होती तिचे काय झाले, हे सांगणे नको. तोंडाला उपरणे बांधून, मांडीवर कोंबडी घेऊन, तिच्या नाकपुड्या कापसाने पुसणारा मुन्शी पाहायला वरच्या मजल्यावरचे कारकूनही खाली उतरत. एरवी ते दाखल्यासाठीही उतरत नाहीत. वारसाहक्काच्या गंभीर निवेदनात मृताचे नाव उच्चारताच टेबलाखालून शिट्टी ऐकू येई. "नवीन कारकून ठेवला काय, मुन्शीजी?" असे सत्तारभाई रोज विचारीत. "ठेवला. तुमच्या भट्टीचा धूर इकडे आला तर तो तुमच्याविरुद्ध अर्ज करील," मी रोज सांगत असे. त्यांनी भट्टी मात्र दुसऱ्या अंगाला फिरवली. विनोदी माणसाकडून एवढीच अपेक्षा असते.

एका दुपारी तिने पाणी घेणे सोडले. मान खाली, पंख सैल, खर्र इतकी लांब की पुढची येते की नाही याची वाट पाहावी लागे. सक्रीबाई त्या दिवशी बाजाराला आली होती. तिने कोंबडी पाहिली आणि कमरेची बाटली काढली. गोडे तेल, त्यात हळद आणि लसूण.

"धरा. चोच उघडतो मी," ती म्हणाली.

"नाही. वरून काही ओतायचे नाही, असा डॉक्टरांचा स्पष्ट आदेश आहे."

"माह्या मायनं पाजलं, माह्या आजीनं पाजलं."

"त्या कोंबड्या जगल्या?"

"काही जगल्या."

"आणि काही?"

"काही खाल्ल्या," ती म्हणाली आणि मग एकदम रडकुंडीला आली. "मुन्शीजी, तुमाले काय जी! मेली तं तुमी हात धुसान. मले त्या तांड्यात मरेपर्यंत राहा लागते. पाजू द्या."

"बाई, तिची श्वासनळी बंद होईल. आदेश आहे."

"कोंबडी आदेश वाचते काय?"

बाकड्यावर दोन अर्जदार ताटकळत बसले होते. मी कोंबडी छातीशी धरली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकलो. माझ्यासारख्या वयाच्या व स्थानाच्या माणसाने कचेरीसमोर कोंबडी घेऊन टेबलाभोवती फिरणे योग्य दिसत नाही हे मला तेव्हाही कळत होते. बाई बाटली घेऊन मागे. शेवटी सत्तारभाईंनी किटली खाली ठेवली, रस्ता ओलांडला आणि जेवणाच्या डब्यावरून मॅडमना उठवून आणले. त्यांनी सुई टोचली, नाकातला खडा झालेला मळ ओला करून अलगद काढला आणि कोंबडीला उन्हात उभी धरायला सांगितले. सक्रीबाईने ती धरली. मीही शेजारी उभा राहिलो, केवळ सावली बाजूला पडावी म्हणून. ऊन कलले तेव्हा कोंबडीने डोळे उघडले आणि वाटीत चोच बुडवली. मग मान वर करून पाणी गिळले. सक्रीबाईने हातातली बाटली पुन्हा कमरेला खोवली. "तेल वाया नाही जात," एवढेच ती बोलली.

पुढे शिट्टी गेली, मग खर्र गेली. मग ती टेबलाखालच्या रद्दीतले कागद फाडू लागली, तेव्हा मॅडमनी प्रकृती समाधानकारक असल्याचे सांगितले. ती तांड्यावर परत गेली त्या दिवशी गिऱ्हाइकांचे नीट ऐकू येऊ लागले. तरी मी दोनदा टेबलाखाली पाहिले. सवय, दुसरे काय.

होळी झाली, ट्रक परत आले. सक्रीबाईने निरोप धाडला, "कागद घेऊन या. समद्यापुढं वाचा." मी निवेदनाची शुद्ध प्रत केली, त्यात उपचाराचा संपूर्ण वृत्तान्त जोडला, इस्त्रीचा सदरा घातला आणि काळी-पिवळीने तांड्यावर गेलो. कुलपे निघालेली, चुली पेटलेल्या. मोकळ्या जागेत कोंबड्या परत करणे चालू होते. जो तो चिंधी पाहून आपापली कोंबडी काखेत मारीत होता. सक्रीबाई पदर खोचून उभी. हिरव्या चिंधीची कोंबडी तिने शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवली होती.

धुरपता पुढे आली. तिशीची, उन्हाने काळवंडलेली, हसरी. मी घसा साफ केला. "मी खाली अंगठा करणार..."

"कागद कायले, मुन्शीजी?" ती म्हणाली. "कोंबडी तं समोर हाये." तिने कोंबडी घेतली, छातीवरून हात फिरवला, वजन जोखले. "मस्त भरली व काकी! माह्याकडं तं नुसती हड्डी होती."

"मोजून घे," सक्रीबाई म्हणाली. "पाय दोन, पंख दोन. जित्ती."

"हाव व काकी, जित्ती!" धुरपता मोठ्याने हसली. इतरही हसले, पण या वेळच्या हसण्यात टोमणा नव्हता, हे सक्रीबाईच्या खांद्यांवरून मला दिसले. मी वृत्तान्ताची तीन पाने हातात धरून उभा होतो. माझ्या सर्वोत्तम लेखनाची अशी उपेक्षा होण्याची ही पहिलीच वेळ नव्हती, म्हणून मी घडी करून ती खिशात ठेवली. मला थांबवून घेतले. धुरपताच्या नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते, जेवूनच जा असा आग्रह झाला.

दिवेलागणीला पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, कांदा, आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याने भरलेली वाटी. धुरपताने पहिली माझ्यापुढे ठेवली.

"पयला मान तुमचा. आईकलं का तुमी वाचवली."

मी वाटीत पाहिले. मग अंगणात पाहिले. डालग्याच्या कडेला एक हिरवी चिंधी पडली होती.

"पाव्हने आले, मुन्शीजी," ती सहज म्हणाली. "अन् घरात दुसरी भरलेली कोनती होती?"

मालकी तिची होती. कायद्याने मला बोलायला जागा नव्हती. ज्या नाकपुड्या मी पुसल्या त्या कोणाच्या वाटीत गेल्या याचा विचार न करण्याचा मी प्रयत्न केला. मिठाच्या पाण्याचे प्रमाण मला अजून पाठ होते. समोर सक्रीबाई बसली होती. तिलाही दुःख झाले असेल असे वाटून मी तिच्याकडे पाहिले.

तिने ताट पुढे सरकवले. "वाढ व धुरपते," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेवटच्या घरापर्यंत जावे. "रस्सा नको. फोड दे. मोठी दे."

धुरपताने वाढली. सगळी पंगत पाहत होती. सक्रीबाईने फोड उचलली, सर्वांना दिसेल अशी धरली आणि सावकाश, मन लावून खाल्ली. मग हाड ताटाच्या कडेला ठेवून माझ्याकडे वळली.

"खा ना मुन्शीजी. आता काहून भेता? मालकीनीनं वाढली."

वाटी फार गरम होती. हातात धरता येईना, म्हणून मी खिशातला घडीचा कागद काढून तिच्याखाली घेतला. वाचकांच्या माहितीसाठी सादर करतो की, त्या कागदातील प्रत्येक विधान दिवेलागणीपर्यंत तंतोतंत खरे होते.